फाइल तुमची, मालक भलताच!

मार्चअखेरीची धावपळ सुरू आहे, लेखापरीक्षक समोर येऊन बसले आहेत आणि नेटवर्कवरील सामायिक ड्राइव्हमध्ये ठेवलेली ताळेबंदाची फाइल 'अॅक्सेस डिनाइड' एवढेच उत्तर देते आहे. फाइल तयार करणारे सहकारी दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. फाइल दिसते, तिचे नाव वाचता येते. उघडत मात्र नाही. अनेक कार्यालयांना ओळखीचा वाटावा असा हा प्रसंग. अशा वेळी पहिला संशय केबलवर आणि दुसरा सर्व्हरवर घेतला जातो. वास्तविक दोन्ही ठणठणीत असतात. घोळ असतो तो फाइलच्या मालकीचा.

सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते. संगणकाच्या दप्तरी मात्र फाइलच्या मालकाचा केवळ क्रमांक नोंदवलेला असतो. पडद्यावर दिसणारे नाव त्या क्रमांकावरून ऐनवेळी शोधून दाखवले जाते. बहुतेक भानगडींचे मूळ इथेच आहे.

लिनक्सचे उदाहरण घेऊ. उबुंटू बसवताना तयार होणाऱ्या पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो, तर मॅकवर तोच ५०१ असतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेल्या एनएफएस या पद्धतीत, तिच्या पारंपरिक रूपात, आपला संगणक सर्व्हरला फक्त क्रमांक कळवतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. त्यामुळे सुनीताने मॅकवरून ठेवलेली फाइल तिलाच उबुंटूवरून बदलता येत नाही, कारण तिथे ती ५०१ नसून १००० असते. याहून गंभीर बाब अशी, की दुसऱ्या एखाद्या संगणकावर सुरेश १००० असेल, तर सुनीताने उबुंटूवरून ठेवलेल्या सर्व फाइलींचा तो आपोआप मालक ठरतो! तक्रार पहिल्या प्रकाराचीच येते. दुसरा प्रकार कोणाच्या लक्षातही येत नाही.

निदान सोपे आहे. 'एलएस' या आज्ञेला 'एल' आणि 'एन' हे पर्याय जोडले, की नावांऐवजी क्रमांक दिसतात. 'आयडी' ही आज्ञा आपला स्वतःचा क्रमांक सांगते. दोन्ही जुळत नसतील तर दोष सापडला. सर्व संगणकांवर एका व्यक्तीला एकच क्रमांक असावा, हा खरा उपाय. त्यासाठी मोठ्या कार्यालयांत एलडॅप किंवा अॅक्टिव्ह डिरेक्टरीसारखी मध्यवर्ती नोंदवही ठेवतात. क्रमांक बदलल्यावर जुन्या फाइलींवर जुनाच क्रमांक राहू शकतो, हे विसरू नये. त्यांची मालकी 'चोन' आज्ञेने बदलावी लागते, तीही प्रत्यक्ष सर्व्हरवर बसून. दुरून प्रयत्न केल्यास सर्व्हर बहुधा प्रशासकालाही 'नोबडी' समजून परत पाठवतो.

'वाचता येते, पण सेव्ह होत नाही' ही तक्रार वेगळी. तिथे मालक बरोबर असतो, पण गटाला लिहिण्याची परवानगी नसते. सामायिक फोल्डरवर 'सेटजीआयडी' खूण लावली तर नव्या फाइली त्या फोल्डरच्याच गटाच्या होतात आणि 'यूमास्क' ०२२ ऐवजी ०০२ ठेवला, की गटातील इतरांना त्यांत लिहिता येते.

आता आपल्या ताळेबंदाकडे वळू. विंडोजमध्येही प्रत्येक खात्यामागे 'एसआयडी' नावाचा लांबलचक क्रमांक असतो. निवृत्त सहकाऱ्याचे खाते पुसले, की मालकाच्या जागी 'एस-१-५-२१'ने सुरू होणारी आकड्यांची माळ उरते. त्याच नावाचे खाते पुन्हा उघडून उपयोग नाही, कारण नव्या खात्याचा क्रमांक नवाच असतो. पण मालक गेल्याने इतरांना दार का बंद व्हावे? बहुधा फाइल त्यांच्या खासगी फोल्डरमधून ओढून इथे आणलेली असते. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल सामान्यतः जुन्याच परवानग्या घेऊन येते. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. प्रशासकाने 'सिक्युरिटी'मधील 'अॅडव्हान्स्ड' भागात जाऊन मालकी स्वतःकडे घ्यावी आणि मग परवानगी व्यक्तीला न देता लेखा विभागाच्या गटाला द्यावी. तरीही दार उघडले नाही, तर शेअरच्या परवानग्या तपासाव्यात. शेअरचे कुलूप वेगळे आणि फाइलचे वेगळे. दोहोंपैकी जे कडक, तेच चालते.

घाईत असलेले अनेक जण हे सारे टाळून 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' किंवा लिनक्सवर ७७७ देऊन मोकळे होतात. काम होते, हे खरे. पण रॅन्समवेअर एखाद्या संगणकात शिरले, तर तो वापरणाऱ्याला जिथे जिथे लिहिता येते तिथल्या फाइली ते कुलूपबंद करू शकते. सर्वांना सर्व दिलेल्या ड्राइव्हवर मग ताळेबंदासह एकही फाइल शाबूत राहण्याची खात्री नसते.