फुफ्फुसाच्या तळाशी

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्री फार्मांवरच्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. निदान झालं एच५एन१, भारतातली बर्ड फ्लूची पहिली नोंद. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात सापडला, म्हणजे आमच्या बुलढाण्याच्या वेशीवरच.

नेमक्या त्याच मार्चमध्ये विषाणुशास्त्रज्ञ योशिहिरो कावाओका यांच्या गटाचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. त्यातली गोष्ट अजूनही थक्क करते. फ्लूचा विषाणू पेशीत शिरण्याआधी तिच्यावरच्या सियालिक आम्ल नावाच्या शर्करेला चिकटतो. ही शर्करा पक्ष्यांच्या आतड्यात एका तऱ्हेने जोडलेली असते, आपल्या नाकाघशात बहुतांशी दुसऱ्या. म्हणून पक्ष्यांच्या विषाणूला आपल्या नाकात सहसा थारा मिळत नाही. पण पक्ष्यांसारखी जोडणी आपल्यातही आहे, आणि ती कुठे? फुफ्फुसाच्या अगदी तळाशी, वायुकोशांत! तिथवर तो पोचला की थेट न्यूमोनिया. आणि इतक्या खोलवरून खोकल्याशिंकेवाटे दुसऱ्याला गाठणं मात्र त्याला अवघड जातं. ज्या खोलीमुळे तो जीवघेणा ठरतो, तीच त्याला पसरू देत नाही.

तो जीवघेणा ठरण्याचं दुसरं कारण विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात आहे. हे प्रथिन कापलं गेल्याशिवाय विषाणू पेशीला बाधा करू शकत नाही. साध्या फ्लूचं प्रथिन कापणारी विकरं मुख्यतः श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात. एच५एन१चं मात्र फ्युरिन नावाचं विकर कापतं, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत आहे. म्हणून कोंबडीचं सगळं शरीर एकदम कोसळतं. माणसात भर पडते ती आपल्याच प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाची. तिच्या भडक्यात फुफ्फुसं पाण्याने भरतात.

२००३ पासून जगभरात नोंदलेल्या एच५एन१च्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले. सौम्य रुग्ण नोंदीतून सुटत असणार, तरीही आकडा भयंकर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. सस्तन प्राण्यांच्या शरीरात वाढण्याची प्रत्येक संधी म्हणजे नाकाघशातली जोडणी पकडायला शिकण्याची संधी, आणि त्यासाठी काही मोजकेच बदल पुरे पडू शकतात.

म्हणून गावात कावळे किंवा कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर त्यांना उघड्या हातांनी शिवू नका. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यांची भीती नको. ७० अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो.