पेट्रोल महाग, मग बस कुठंय?

‘दादा, शंभरचं टाका.’ कॉलेजच्या वाटेवरच्या पंपावर सकाळी सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य बहुधा हेच. मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली ती २९ मे २०२१ला. त्याआधी शंभरात लिटरभर येऊन वर चहाचे पैसे उरायचे. आता कट्ट्यावरची चर्चा ठरलेली असते : ‘सगळा टॅक्स आहे रे, सरकार लुटतंय.’

हे अगदीच खोटं नाही. २०२०चा उन्हाळा आठवा. लॉकडाऊन लागला, जगभर कच्चं तेल कोसळलं. आपल्याकडे मात्र केंद्रानं मार्च आणि मे मिळून पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवलं, ते ३२.९८ रुपयांवर गेलं. स्वस्ताईचा फायदा तिजोरीत गेला, आपल्या टाकीत नाही. राज्याचा व्हॅट वेगळाच. तो मुख्यतः टक्केवारीत असल्यानं मूळ भाव चढला की राज्याची कमाईही आपोआप चढते. पेट्रोल जीएसटीत आणायची घाई कुणाला नाही, ते उगाच नाही.

पण म्हणून पेट्रोल स्वस्त करा, हे उत्तर मला पटत नाही. पंपावरच्या भावात सगळा खर्च धरलेलाच नसतो. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण ते जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (आकडा चुकलेला नाही, वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) शिवाय ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसमधल्या पन्नास जणांचा वेळ, चौकात दिवसभर धूर खाणाऱ्या ट्रॅफिक पोलिसाची छाती. हे बिल गाडी चालवणारा भरत नाही, दुसरेच भरतात. आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९२०मध्येच मांडलं होतं, की दुसऱ्यांवर पडणारा असा खर्च टॅक्स लावून किमतीत आणावा. मग माणूस उगाच फिरणं टाळेल, दोघं एका गाडीवर येतील.

इकोच्या पेपरात एवढं लिहिलं तर मार्क मिळतील. गाडी अडते ती पुढे.

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२पर्यंत चालला. त्याच एप्रिलमध्ये मुंबईत पेट्रोल १२० रुपयांवर होतं. पिगूच्या हिशेबानं लोकांनी गाड्या घरी ठेवायला हव्या होत्या. पण तालुक्याच्या कॉलेजला वीस किलोमीटरवरून येणाऱ्या पोरांनी त्या ठेवायच्या कशा? ज्याच्याकडे बाइक होती त्यानं निमूट पेट्रोल भरलं. जिच्याकडे नव्हती तिनं वडापवाल्याला पैसे मोजले, नाहीतर लेक्चर बुडवलं. पर्यायच नसेल तर महागाईनं पेट्रोल वाचत नाही, फक्त खिसा रिकामा होतो. त्यातही मोठ्या एसयूव्हीवाल्याला ते जाणवत नाही. संध्याकाळी डिलिव्हरी करून फी भरणाऱ्याला लिटर लिटर जाणवतं.

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८मध्ये पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले, ते इंधनावरच्या करवाढीमुळेच. त्यात गाडीशिवाय कामावर जाता न येणारे गावाकडचे लोक खूप होते. सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली.

म्हणजे टॅक्सइतकीच बसही महत्त्वाची. आणि तिथे आपण काय करतो? जुलै २०१९मध्ये बेस्टनं किमान भाडं ८वरून ५ रुपये केलं, तेव्हा प्रवासी वाढले. मे २०२५मध्ये तेच भाडं थेट १० रुपये झालं. पेट्रोल महाग आणि बसही महाग, मग वाचवायचं कसं? चालत?

पेट्रोलवर रस्त्यांसाठी सेस आहे, शेतीसाठी सेस आहे. बसच्या नावाचा नाही. लिटरमागे एक रुपया फक्त सिटी बस आणि एसटीसाठी ठेवा, त्यातून किती नव्या गाड्या आल्या ते दर महिन्याला पंपावरच्या भावफलकाखाली लिहा. असं होणार असेल तर तो रुपया मी कुरकुरत का होईना, देईन.