न्हाणीघरांतील स्थित्यंतर

आमच्या वाड्यांतील न्हाणीघराच्या ज्या कोपऱ्यांत तांब्याचा बंब उभा असे, त्या कोपऱ्यांत गेल्या दोन वर्षांपासून विजेवर चालणारें एक उष्णोदकयंत्र, आबालवृद्ध ज्याला गीझर म्हणतात तें, उभें आहे. एवढीशी गोष्ट मासिकाच्या पानावर मांडण्याजोगी आहे काय, असें कोणी विचारील. परंतु या अदलाबदलींत आमच्या घरांतील एका मुलीचा प्राण जातां जातां वाचला. आणि जी चूक आम्हीं केली ती उद्यां दुसऱ्या कोणत्याहि सुशिक्षित घरांत होण्याजोगी आहे, म्हणून हें लिहिण्याचें योजिलें.

बंब ज्यांनीं पाहिला नाहीं अशी एक पिढी आतां मोठी झाली आहे. तिच्यासाठीं दोन शब्द. मध्यें उभी नळी, तिच्या तळाशीं जाळी, जाळीवर विस्तव आणि नळीच्या सभोंवतीं पाणी, अशी बंबाची रचना. चुलीवरच्या हंड्याला जाळ बाहेरून लागतो आणि त्यांतला पुष्कळसा वाऱ्यावर जातो. बंबाला तो पोटांतून लागतो. शिवाय उष्णता वाहून नेण्यांत चांदीच्या खालोखाल तांब्याचा क्रम. त्यामुळें मूठभर बंबफोड, दोन गोवऱ्या आणि नारळाच्या करवंट्या एवढ्यावर सगळ्या घराचीं स्नानें उरकत. बंबफोड ठेवण्यासाठीं वाड्याच्या तळघराचा एक खण राखून ठेवलेला होता, आणि पावसाळ्यापूर्वीं तो भरणें हें आम्हां मुलांचें काम. घरचा एक नियम मात्र कडक होता. बादली काढली कीं बादली घालावी. आंतलें पाणी संपलें आणि खालीं जाळ राहिला, तर सांध्याचा डाख वितळतो आणि बंब निकामी होतो. हा नियम मोडल्याबद्दल मीं वडिलांच्या हातचा मार खाल्लेला आहे.

दोन वर्षांपूर्वीं, मार्गशीर्षाच्या आरंभीं, बंबाखालीं पाणी दिसूं लागलें. तांबट आळींत नेला. म्हाताऱ्या तांबटानें नळीवर बोट वाजवून पाहिलें आणि म्हणाला, "मास्तर, पत्रा कागदासारखा झालाय. डाख देईन, पण ही थंडी काढील असं सांगत नाही." अकरा माणसांचें घर, आणि पुण्याची डिसेंबरची थंडी. धाकटा भाऊ दुसऱ्याच दिवशीं गॅसवर चालणारा लहान गीझर घेऊन आला. दुकानाच्या माणसानें तो न्हाणीघराच्या आंतच, खुंटीशेजारीं, भिंतीवर बसविला. चावी फिरवितांच वाफाळलेलें पाणी! लांकूड नाहीं, राख नाहीं, धूर नाहीं. आम्हीं सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. गार वारा येतो म्हणून खिडकीच्या गजांना कोणीसा पुठ्ठाहि लावला. तो कोणीसा मीच होतों.

पांचव्या दिवशीं सकाळीं माझी पुतणी स्नानाला गेली. स्नानांच्या ओळींत तिचा क्रम सहावा. बराच वेळ पाण्याचा एकसारखा आवाज येत राहिला. हांका मारल्या तरी ओ नाहीं. भावानें दाराची कडी मोडली तेव्हां ती जमिनीवर पडलेली होती. वहिनींनीं तिला चादरींत गुंडाळून अंगणांत उघड्यावर आणविलें. डॉक्टर आले, त्यांनीं नाडी पाहण्याच्याहि आधीं विचारलें, "न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे का?" रुग्णालयांत प्राणवायु दिल्यावर सायंकाळपर्यंत ती बोलूं लागली. चार दिवस डोकें दुखत राहिलें, एवढ्यावर निभावलें. वर्तमानपत्रांत दर हिंवाळ्यांत ज्या बातम्या येतात, त्यांतल्या मुली एवढ्या दैववान नसतात.

याचें कारण मीं नंतर नीट समजून घेतलें. गॅस जळण्यास प्राणवायु लागतो. बंद खोलींत तो कमी होत गेला कीं ज्वलन अपुरें होतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, त्यानें डोळे चुरचुरत नाहींत. रक्तांतील ज्या द्रव्याला प्राणवायु चिकटावयाचा, त्याला हा वायु 200 पटींहून अधिक बळानें चिकटतो आणि जागा सोडीत नाहीं. डोकें जड होणें, घेरी, मळमळ, हातापायांतलें बळ जाणें हीं त्याचीं चिन्हें. पण बळच गेल्यावर कडी काढणार कोण? पहिल्या पांच जणांना कांहीं झालें नाहीं, कारण विष सांचत होतें तें पुढच्यासाठीं. आमचा भ्रम असा कीं, गॅस म्हटला म्हणजे कांहीं बिघडल्यास वास येईलच. टाकींतला गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. जळून निर्माण होणाऱ्या या वायूला तो नसतो. बंबाच्या नळींतूनहि हा वायु निघतच असला पाहिजे. परंतु सोबत धूर असे, डोळ्यांना पाणी येई, आणि म्हणून वाडवडिलांनीं न्हाणीघराला झरोके मोठे ठेविले. आम्हीं धूर घालविला आणि झरोकाहि बुजविला. गॅसचा गीझर लावावयाचाच असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत लावावा, आणि पाणी तेवढें नळीनें आंत आणावें. दुसरा मार्ग नाहीं.

तो गीझर त्याच संध्याकाळीं उतरविला. मग विजेचा घेण्याचें ठरलें. पण या वेळीं मीं आधीं कागद-पेन्सिल घेतली. माणशीं 15 लिटरांची बादली, 40 अंशांची. हिंवाळ्यांत नळाचें पाणी सुमारें 20 अंश, टाकींतलें 60 अंश; म्हणजे निम्में गार, निम्में ऊन. अकरा जणांना साडेब्यायशीं लिटर ऊन पाणी, आणि त्यास पावणेचार युनिटांच्या वर थोडी वीज. टाकी न ठेवतां वाहतें पाणी तापविणारें 3 किलोवॅटचें यंत्र मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतें. त्यावर एक बादली भरण्यास सात मिनिटें. शाळेची घंटा तेवढी थांबत नाहीं. म्हणून 50 लिटरांची टाकी घेतली. ती 2 किलोवॅटवर सव्वा तासाच्या आंत तापते. पहाटे एकदां आणि मध्यें एकदां लावली कीं भागतें. सूर्याच्या उन्हावर चालणारें यंत्र सर्वांत काटकसरीचें खरें, पण आमचें छप्पर कौलारू, आणि त्यावर शेजारच्या उंच इमारतीची सावली.

टाकी आली, तर भिंत नको म्हणाली. जुन्या वाड्याची वरची भिंत पांढऱ्या मातीची; तींत खिळा जातो, पण भार पेलत नाहीं. पाणी 50 किलो, त्यावर यंत्राचें वजन निराळें. शेवटीं लोहाराकडून लोखंडी घोडा करवून तो फरशीवर उभा केला. विजेचेंहि तसेंच. 2 किलोवॅटला पावणेनऊ अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या बारीक तारेला तो सोसवत नाहीं, आणि आमच्या घरांत भूमितार, म्हणजे अर्थिंग, कोठेंच नव्हती! ओल्या अंगाच्या माणसाशेजारीं वीज ठेवावयाची आणि तिला जमिनींत जाण्याची वाट द्यावयाची नाहीं, हें केवढें साहस. वायरमननें नवी जाड तार, स्वतंत्र 16 अँपिअरचें बटण, अंगणांत भूमितार, आणि गळती होतांच प्रवाह तोडणारें उपकरण बसविलें. यंत्रापेक्षां या कामाचा खर्च जास्त झाला. तो मला मुळींच खटकला नाहीं.

यंत्राचीं दोन अंगें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. पाणी तापलें कीं फुगतें. 20 पासून 60 अंशांपर्यंत शेंकडा दीड. बंद टाकींतला हा दाब सोडण्यासाठीं एक झडप असते. तिच्यांतून थेंब पडतात म्हणून तिचें तोंड कोणीहि चिंधीनें बांधूं नये. आणि टाकीच्या पोटांत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाणी लोखंडाला खाऊं पाहतें, त्याऐवजीं ही कांडी स्वतः झिजते आणि टाकी वांचते. दधीचि ऋषींची आठवण व्हावी असा तिचा धर्म. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यांत ती लवकर झिजते, म्हणून वेळोवेळीं उघडून पाहावी.

गीझर हा शब्द आइसलंडांतल्या गेयसीर नांवाच्या उसळत्या उष्ण झऱ्यावरून आला. आपल्याकडे वज्रेश्वरीस तसे ऊन पाण्याचे झरे आहेत, त्यांना आपण उन्हाळीं म्हणतों. हें वहिनींना सांगितलें तर त्या म्हणाल्या, "भावोजी, मग उन्हाळंच म्हणा की, सोपं आहे." त्या ऊन पाणी डोक्यावरून घेत नाहींत, वाग्भटानेंहि तें केंसांस व डोळ्यांस अपायकारक म्हटलें आहे, पण वहिनींनीं वाग्भट वाचलेला नाहीं.

बंब मोडींत घालूं द्यावयास त्यांनीं साफ नकार दिला. अकरा किलो तांबें, तांबट चांगली किंमत देत होता. पाणी भरण्याच्या दिवशीं सुना तो चिंचेनें घांसतात, झेंडूची माळ घालतात आणि तुळशीपाशीं रिकामाच उभा करतात. पुतणी परीक्षा देऊन नोकरीला लागली आहे. खिडकीचा पुठ्ठा मींच काढला, आणि गजहि एक बोट वर कापून झरोका मोठा केला. मॅग्नेशियमची कांडी पाहण्याचा दिवस सूनबाईनें दिनदर्शिकेंत चैत्राच्या पानावर लिहून ठेवला आहे.