रिकामी चौकट आणि शून्य

पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर रोज सकाळी एक तक्ता फिरतो. डावीकडे महसूल मंडळांची नावं, उजवीकडे मिलिमीटर. केज तालुक्याच्या भागात युसूफ वडगाव मंडळाची एक ओळ असते, आणि त्या ओळीतल्या आकड्यावर मग पारावर दिवसभर खल चालतो. कुणी म्हणतं, "एवढा कुठं पडला?" कुणी म्हणतं, "खालच्या शिवारात तर याच्या दुप्पट होता." हा वाद उगाच नसतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर आकडा गेला की मंडळात अतिवृष्टी झाली असं धरतात आणि पंचनाम्यांची मागणी सुरू होते. तक्त्यातल्या एका चौकटीला इथे एवढी किंमत आहे.

त्याच गावातली पोरं शाळेत तक्ता शिकतात तो मात्र सफरचंदं, केळी आणि संत्र्यांचा. सहावीत स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख, दहावीत आयतालेख आणि वृत्तालेख अशी बालभारतीची चढण आहे आणि ती चांगली आहे. घोटाळा होतो तो शिकवताना धरून ठेवलेल्या काही समजुतींमुळे. त्या समजुती शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक ठेवला की पंधरा दिवसांत उघड्या पडतात.

गैरसमज: आधी मोजायचं, तक्ता मागाहून आखायचा

वर्गात नेहमीचा क्रम असतो असा: आकडे कच्च्या वहीत कुठेतरी, मग पट्टी घेऊन सुबक चौकटी, मग आकडे त्यात उतरवायचे. चौकटी देखण्या होतात, पण आठवड्यानंतर कुणालाच सांगता येत नाही की '१२' हा आकडा मिलिमीटर होता की सेंटिमीटर, आणि सकाळचा होता की शाळा सुटतानाचा.

रकान्यांची नावं मोजायच्या आधी ठरवावी लागतात, कारण काय मोजायचं हे तीच ठरवतात. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं आणि तो आकडा मागच्या चोवीस तासांचा असतो. म्हणून मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या ओळीत जातो. पोरांना हे पहिल्यांदा अन्यायाचं वाटतं. वाटू द्यावं. 'दिनांक' या एका शब्दाचे दोन अर्थ होतात, हे त्या भांडणातूनच कळतं. एकक मथळ्यात एकदाच लिहायचं, 'पाऊस (मिमी)' असं, म्हणजे प्रत्येक आकड्याला शेपूट लावायला नको.

आता मापक. दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्यायची, गळ्याचा भाग कापून तोच नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बुडाशी बाटली वेडीवाकडी असते, म्हणून चार खडे टाकून, सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे रेघ मारायची. ही शून्याची रेघ. बाहेरून पट्टी चिकटवताना एक गंमत हमखास होते: पट्टीचा काठ रेघेला लावला जातो आणि कंपासपेटीतल्या बऱ्याच पट्ट्यांचं शून्य काठापासून चार-पाच मिलिमीटर आत असतं. सगळा पावसाळा तेवढ्यानं चुकतो, रोज सारखाच. आणि हो, रुंद तोंडाच्या भांड्यात 'जास्त पाऊस' भरत नाही. सरळ अंगाचं भांडं डबा असो की पिंप, पाण्याची उंची तीच येते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. गुंठ्याला साधारण शंभर लिटर, म्हणजे दोनशेचा ड्रम अर्धा. हा हिशेब एकदा सांगितला की मिलिमीटर हा शब्द वर्गात कुणाला किरकोळ वाटत नाही.

गैरसमज: चौकट रिकामी राहिली तर शून्य लिहावं

सगळ्यात घातक समजूत हीच, आणि ती टापटिपीच्या पोटी जन्मते. रिकामी चौकट बाईंना खटकते, सरांना खटकते, तपासायला आलेल्या साहेबांना तर फारच खटकते. मग तिथे शून्य बसतं. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण असा आठवडा कुठल्याही शाळेत येतो.

| वार (सकाळी ८.३०) | पाऊस (मिमी) | शेरा |
|---|---|---|
| बुधवार | ० | |
| गुरुवार | १२ | |
| शुक्रवार | — | शेळीनं मापक पाडलं |
| शनिवार | ४ | |
| रविवार | — | सुट्टी, मोजलं नाही |
| सोमवार | ७० | दोन दिवसांचा मिळून |
| मंगळवार | २ | |

बुधवारचं शून्य म्हणजे कुणीतरी मापकापाशी गेलं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून पाहिलं आणि पाणी रेघेवरच होतं. ते मोजमाप आहे. शुक्रवारची आडवी रेघ म्हणजे आपल्याला माहीत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आडव्या रेघांच्या जागी शून्य लिहून बघा. कोरडा दिवस एक होता, त्याचे तीन झाले. एकूण पाऊस ८८ मिमी; तो खरोखर मोजलेल्या सहा दिवसांनी (सोमवारच्या आकड्यात दोन दिवस आहेत) भागला तर रोजची सरासरी १४.७ येते, सातांनी भागला तर १२.६. आणि शेऱ्याचा रकाना पुसला तर सोमवारच्या ७० मिमीवर चक्क अतिवृष्टी झाली, कारण आकडा ६५च्या वर आहे. तो दोन दिवसांचा होता, रोजचे पस्तीस-पस्तीसही असतील, हे सांगणारा शेरा आता उरलेला नाही. तक्त्यातला सगळ्यात कमी देखणा रकाना सगळ्यात जास्त कामाचा निघतो तो असा.

कोरडे दिवस मोजणं हा इथे वहीतला खेळ नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली तेव्हा पीकविम्याच्या अग्रिमासाठी २१ दिवसांचा खंड पडला का, हाच प्रश्न मराठवाड्यात घरोघरी होता. हवामान खात्याच्या व्याख्येत २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच तो दिवस 'पावसाचा'. आपल्या तक्त्यातला मंगळवारचा २ मिमी त्यात बसत नाही. पाऊस पडला आणि तरी पावसाचा दिवस नाही, हे पोरांना पटवायला दहा मिनिटं जातात, पण ती सार्थकी लागतात.

गैरसमज: आलेख म्हणजे ठिपके देऊन जोडणं

रोजच्या पावसाचे ठिपके रेघेनं जोडले की गुरुवार ते शनिवार एक उतरण दिसते. त्या उतरणीवर शुक्रवारी ८ मिमी वाचता येतात, जे कुणीच मोजलेले नाहीत. पाऊस दिवसाच्या हिशेबानं साठतो. दोन दिवसांच्या मध्ये त्याचं काही नसतं. त्याला स्तंभच हवेत आणि शुक्रवारची जागा मोकळी हवी. धरणाच्या पातळीचं तसं नाही. ती काल आणि आज यांच्या मध्येही कुठेतरी असतेच, म्हणून तिथे रेषा शोभते.

स्तंभालेखाच्या जन्माची कथा इथे सांगण्याजोगी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं १७८६च्या आपल्या पुस्तकात इंग्लंडचा वर्षानुवर्षांचा व्यापार रेषांनी दाखवला. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते. एका वर्षाची रेषा काय काढणार? म्हणून त्यानं देशागणिक आडव्या पट्ट्या काढल्या. नाइलाजानं काढलेल्या त्याच पट्ट्या आज सहावीच्या पुस्तकात आहेत. ज्या वर्गात सगळ्याच आकड्यांचे ठिपके जोडले जातात, तिथे मला प्लेफेअरची अडचण आठवते.

आयतालेखाचे स्तंभ एकमेकांना चिकटलेले आणि स्तंभालेखाचे सुटे का, याचं उत्तर "तशी पद्धत आहे" असं मिळतं. पद्धतीमागे कारण आहे. ०–१०, १०–२० हे वर्ग एकमेकांना लागून आहेत, मध्ये फट नाही. युसूफ वडगाव आणि होळ ही दोन मंडळं त्या अर्थानं लागून नाहीत. कुणालाही आधी लिहिलं तरी चालतं.

गैरसमज: उभा अक्ष नेहमी शून्यापासूनच

स्तंभांसाठी हे खरं आहे, कारण तिथे उंचीच बोलते. पाया कापला तर ६० आणि ७० मधला फरक दुप्पट-तिप्पट दिसायला लागतो. पण हाच नियम सगळीकडे लावला तर मांजरा धरणावर येऊन फसतो.

धनेगावचं हे धरण केज तालुक्यातलं. त्याची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून ६४२.३७ मीटर आहे. अक्ष शून्यापासून घेतला तर भरलेलं धरण आणि आटलेलं धरण आलेखात जवळपास एकाच रेघेवर दिसेल. रेषेच्या आलेखात म्हणून अक्ष वरून सुरू करायचा, आणि खाली नागमोडी खूण करून मधला भाग सोडलाय हे उघड सांगायचं.

आता त्याच धरणाची टक्केवारी घ्या. एकूण साठवण सुमारे २२४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला मृतसाठा ४७ आणि उपयुक्त साठा १७७. बातमीतले टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. 'मांजरा शून्य टक्के' म्हणजे धरण कोरडं ठणठणीत असं नव्हे. पाणी सोडायच्या मोऱ्यांच्या खालचं पाणी तळाशी असू शकतं, आणि तेही घटलं तर टक्के उणे होतात. धरण 'उणे' कसं, असा प्रश्न एखादा पोरगा विचारतोच. शून्य आपण कुठे ठेवलं त्यावर ते आहे, बाटलीवरच्या रेघेसारखंच.

२०१६ हे वर्ष या आलेखावर काढून बघावं. मांजरा आटल्यामुळे १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, पाचेक लाख लिटर घेऊन. त्याच वर्षी परतीच्या पावसात धरण भरलं. वर्षाची सरासरी पातळी काढली तर ना ती रेल्वे दिसते, ना ते भरलेलं धरण.

गैरसमज: सरळ रेषा आरंभबिंदूतूनच जाते, आणि प्रत्येक ठिपक्यातून

दहावीच्या प्रयोगवहीत माझा ओहमच्या नियमाचा आलेख इतका सरळ होता की एकही ठिपका रेषेबाहेर नव्हता. कारण रेषा मी आधी काढली होती आणि ठिपके मागाहून दिले होते. मागच्या वर्षीची वही शेजारी उघडी होती. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले, ही त्यातली खरी तक्रार.

खऱ्या मोजमापाचे ठिपके रेषेच्या आजूबाजूला सांडतात. रेषा त्यांच्या मधून काढायची, वर-खाली साधारण सारखे ठेवून. एखादा फारच दूर असेल तर तो खोडायचा नाही, पुन्हा मोजायचा. आरंभबिंदूचंही तसंच. स्प्रिंगला वजनं टांगून तिची लांबी मांडली तर रेषा आरंभबिंदूतून जाणारच नाही, कारण वजन नसतानाही स्प्रिंगला लांबी असते. लांबीतली वाढ मांडली तर जाईल. गावातलं उदाहरण हवं असेल तर विहीर घ्या. आडव्या अक्षावर जूनपासूनचा एकूण पाऊस, उभ्यावर पाण्याचा चढ. पहिल्या काही सरी काळ्या रानाच्या भेगाच पिऊन टाकतात. रेषा बराच वेळ तळाला चिकटून राहते आणि मग उचलते. ती कुठून उचलते ते शोधणं हा आलेखाचा सगळ्यात रसाळ भाग आहे.

गैरसमज: कॉम्प्युटर आहे, मग हातानं कशाला?

प्रमाण निवडायला. ७० मिमी सात सेंटिमीटरांत बसतात, म्हणून १ सेमी = १० मिमी. एखाद्यानं १ सेमी = ७ मिमी घेतलं तर १२चा ठिपका कुठे द्यायचा हे शोधताना त्याला आपली चूक आपोआप कळते. एक्सेल ती कळू देत नाही. उलट त्याचा स्वतःचा एक खोडकरपणा आहे: चौकट खरंच रिकामी ठेवली तर रेषेत खंड पडतो, पण तिथे आडवी रेघ टाइप केली तर आलेखात ती मुकाट्यानं शून्यावर जाते. सरासरीत मात्र ती धरली जात नाही. म्हणजे एकाच फाइलमध्ये आलेख एक सांगतो, सरासरी दुसरं.

आणि एक तक्ता, जो वर्गात आधीपासून असतो

हजेरीपट. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि कित्येक घरांतली पोरं आईबापांबरोबर जातात. समजा एका वर्गाचा पट ४०, रोज हजर ३०. उपस्थिती ७५ टक्के. दिवाळीनंतर आठ जण कारखान्याच्या फडावर गेले. ते आधीपासूनच जवळजवळ येत नव्हते, त्यांची नावं पटावरून कमी केली. आता पट ३२, हजर तेच ३०. उपस्थिती ९४ टक्के. टक्केवारीचा आलेख टेकडीसारखा वर चढतो आणि वर्गात दोन बाक मोकळे असतात.

हा आलेख पोरांनीच काढावा, त्यांच्याच वर्गाचा, पण टक्के न काढता. एकाच कागदावर पटाचा एक स्तंभ, हजेरीचा दुसरा, जूनपासून एप्रिलपर्यंत. जोडस्तंभालेख सातवीत येतोच. नोव्हेंबरपाशी पटाचा स्तंभ खाली आला की शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं, ते शेजारच्या बाकावरचा मित्र सांगेल.