परदेशात शिकणारे लेकरू एकटे पडू नये

मुलाला किंवा मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला की सारी वस्ती आनंदते. विहारात सत्कार होतो, विमानतळावर हार पडतात. खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. थंडी, परके जेवण, भरभर बोलली जाणारी इंग्रजी. हुशार पोरसुद्धा वर्गात मागे बसू लागते, मग वर्गच चुकवू लागते. घरी फोनवर मात्र ‘सगळं ठीक आहे’ एवढेच सांगते.

यात लाजण्यासारखे काही नाही. जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. वसतिगृहातले जेवण मानवेना, मुक्काम हलवावा लागला. सुरुवातीचे काही महिने मित्रमंडळीत गेले, असे चरित्रकार सांगतात. मग त्यांनी स्वतःला सावरले. नवल भथेनांसारखा जन्माचा मित्र मिळाला, प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ साली ते एम. ए. झाले.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. बुद्धी आणि कष्ट त्यांचेच. पण मित्र, गुरू आणि वेळेवर मागितलेली मुदत यांचाही त्यात वाटा होता.

आजही हीच तीन माणसे-साधने पोराने शोधावीत. ब्रिटनमध्ये एम. ए., एम. एस्सी. बहुधा एका वर्षात उरकते, म्हणून पहिले महिने वाया घालवून चालत नाही. तिथे गुरुजींपुढे गप्प बसणे म्हणजे आदर नव्हे. चर्चेच्या तासाला बोलावेच लागते. प्राध्यापक भेटीची वेळ ठरवून देतात, त्या वेळी शंका घेऊन जावे. निबंध लिहायला शिकवणारे मदत केंद्रही बहुतेक विद्यापीठांत असते. दुसऱ्याचे लिखाण नाव न देता उतरवणे हा तिथे मोठा गुन्हा.

हजेरीही गंभीर बाब आहे. परदेशी विद्यार्थी अभ्यासातून गायब झाला तर विद्यापीठाला सरकारला कळवावे लागते आणि व्हिसा धोक्यात येतो. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. आजारपण आले, शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात सांगावे. निबंधाला मुदतवाढ मिळू शकते. शिक्षण मध्येच थांबवायचे झाल्यास व्हिसाचे काय होईल, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

आणि आपण घरच्यांनी? घराचा हप्ता, भाच्याचे लग्न यांचे ओझे पहिल्या वर्षी तरी त्याच्या खांद्यावर टाकू नये. पैशांच्या काळजीने पोर जादा तास राबते आणि पुस्तक मिटते. आपली घड्याळे लंडनच्या पुढे आहेत, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास. फोनची वेळ तशी ठरवावी.

फोनवर ‘पैसे पाठवलेस का?’ असे नको. ‘आज जेवलास का? वर्गात काय बोललास? कुणी मित्र झाला का?’ असे विचारा. उत्तर अडखळले, तर रागावू नका. ऐकून घ्या. अडचण घरी मोकळेपणाने सांगता आली, की ती गुरुजींपुढे मांडायचेही बळ येते.