अस्वल हलवावं की डबा बदलावा?

अमेरिकेत काळं अस्वल अंगणात शिरलं, की ते पकडून दूर सोडा, अशी मागणी लगेच होते. भीतीपोटी ती समजण्यासारखी आहे, पण उपाय कच्चा. हिवाळी निद्रेआधी या प्राण्याला दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खायचं असतं. उघडा कचरा, पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे, झाडाखाली सडलेली सफरचंदं त्याला लांबूनच वासानं कळतात. एक अस्वल हलवलं तरी वास तिथेच राहतो. आणि हलवलेलं अस्वलही पुष्कळदा परततं.

कोलोरॅडोतल्या दुरँगो शहरात संशोधकांनी २०१३मध्ये काही भागांत अस्वलाला उघडता न येणारे डबे वाटले, इतर भाग तुलनेसाठी तसेच ठेवले. डबे मिळालेल्या भागांत कचऱ्यावरून होणारे संघर्ष सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. दुष्काळात रानातली फळं आटली की अस्वलं येणारच, हा आक्षेप खरा आहे. पण आलेलं अस्वल रेंगाळतं ते सहज पोट भरलं तरच. डबे महाग असतात, हेही मान्य. मात्र खरी अडचण पैशांपेक्षा सवयीची आहे. कडी न लावलेला महागडा डबा साध्या डब्याइतकाच कुचकामी. तेव्हा नगरपालिकेनं डबे वाटून थांबू नये. कडी उघडी दिसली, तर दंडही आकारावा.