गिऱ्हाइकाशी बोलायचे म्हणजे काय?

हल्ली 'कस्टमरशी संवाद साधा' हे वाक्य मार्केटिंगच्या प्रत्येक भाषणात असते. प्रत्यक्षात आपल्या मोबाईलवर येतात ते 'ऑफर'चे मेसेज. उत्तर द्यायला जावे तर पलीकडे माणूसच नसतो! याला संवाद म्हणायचे तर लाऊडस्पीकरलाही गप्पिष्ट म्हणावे लागेल.

खरा संवाद पाहायला रास अल खैमात फार लांब जायला नको. खाडीकाठचे जुने गाव घ्या की पलीकडचे नखील, गल्लीच्या तोंडाशी एखादा बकाला असतोच. बकाला म्हणजे आपले किराणा दुकान; नाव अरबी, मालक बहुधा केरळचा. गाडीतूनच हॉर्न दिला की पोऱ्या बाहेर येतो, फोन केला की सायकलवरून सामान घरी, उधारी वहीत. हे सगळे आपल्याला ठाऊकच आहे. पण तो बोलतो कसा, याकडे आपले लक्ष नसते. मोदकाची पिठी मागितली तर "नहीं है" म्हणून तो फोन ठेवत नाही. "भाभी, उससे क्या बनाते हैं?" असे विचारतो. तांदळाची पारी, आत गूळखोबरे, वाफवायचे, एवढे सांगितले की त्याची ट्यूब पेटते. अरे, हे तर आमच्या कोळुक्कट्टासारखे! मग पत्तिरीसाठीचे बारीक पीठ पाठवतो, आणि दोन दिवसांनी उकड जमली का तेही विचारतो. चार मराठी घरांनी तेच मागितले की पुढच्या गणपतीला पाकिटे आधीच आणून ठेवलेली असतात. त्याला कुठल्या सर्व्हेची गरज पडत नाही.

सुपरमार्केटात माल ढीगभर असतो आणि पुष्कळदा स्वस्तही. तिथे जाऊ नये असे मी म्हणणार नाही, मीही जातो. पण तिथल्या फळीला प्रश्न विचारता येत नाही.

अर्थात नुसते ऐकून भागत नाही, ऐकल्यावर काही बदलावे लागते. पुण्याच्या चितळ्यांचे दुकान दुपारी १ ते ४ बंद, यावर किती विनोद झाले! विनोद म्हणजेही गिऱ्हाइकाचे बोलणेच की. शेवटी जुलै २०१७ पासून दुकान दुपारीही उघडे राहू लागले. (विनोद मात्र अजून बंद झालेले नाहीत.)

आता आपली बाजू. आपण घरी कुरकुरतो, पण दुकानदाराला तोंडावर सांगत नाही. १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने याच्या उलट केले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, आणि त्याप्रमाणे घाऊक खरेदी होऊन आलेला माल आपसात वाटून घ्यायचा. म्हणजे गिऱ्हाईक आधी बोलणार, खरेदी मागाहून!

आपल्या मंडळात दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनी आहेत. त्यांना एक सुचवावेसे वाटते. "फराळ आवडला का?" असे विचारू नका, मराठी माणूस भिडेपोटी "छान होता" म्हणणारच. "डब्यात शेवटपर्यंत काय उरले?" असे विचारा. उत्तर बहुधा चकलीबद्दल येईल.